व्हीआर हेडसेटमध्ये चित्र वारंवार धूसर दिसतं: दोष कुठे आहे ते शोधायचं कसं आणि घालवायचा कसा

गेममधल्या लांबच्या पाट्या वाचता येत नाहीत, झाडांच्या पानांचा लगदा दिसतो, फोनवर स्वच्छ दिसणारा ३६० अंशांचा व्हिडिओ हेडसेटमध्ये मळकट दिसतो. सेटिंग बदलून एकदा बरं वाटतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात जातो तो रिझोल्यूशनच्या स्लायडरला, आणि तिथेच गाडं अडतं. स्लायडर वाढवला की ग्राफिक्स कार्डावरचा भार वाढतो, फ्रेम गळू लागतात आणि चित्र आधीपेक्षाही वाईट दिसतं.

डोळ्यापर्यंत पोचायच्या आधी चित्र पाच टप्प्यांतून जातं. मूळ फ्रेम, म्हणजे व्हिडिओची फाइल किंवा गेमने तयार केलेलं चित्र, पीसीवरून येत असेल तर त्याचं कॉम्प्रेशन आणि प्रवास, हेडसेटचं पॅनल (आतला पडदा), लेन्स, आणि शेवटी तुमच्या डोळ्यासमोर ती लेन्स नेमकी कुठे बसली आहे ते. एका टप्प्यातला दोष दुसऱ्या टप्प्यात दुरुस्त होत नाही. लेन्स तिरकी बसली असेल तर रिझोल्यूशन दुप्पट करूनही उपयोग नाही, आणि व्हिडिओच हलक्या प्रतीचा असेल तर लेन्स कितीही पुसा. म्हणून तपासणी उलट्या दिशेने, डोळ्यापासून सुरू करायची.

पहिली कसोटी: हेडसेटचा स्वतःचा मेनू

पीसी बंद, केबल काढलेली, कोणताही गेम सुरू नाही. हेडसेटचा होम मेनू उघडा आणि अगदी समोरची बारीक अक्षरं बघा. डोकं न हलवता, नजर थेट समोर ठेवून. ही अक्षरं हेडसेट स्वतः, जवळपास पॅनलच्या क्षमतेइतक्या बारकाईने काढतो. त्यात कॉम्प्रेशन नाही, वायफाय नाही, गेमची सेटिंग नाहीत.

अक्षरांच्या कडा धारदार दिसल्या तर लेन्स, पॅनल आणि बसवणं ठीक आहे. दोष पुढच्या टप्प्यांत आहे. मेनूच धूसर दिसत असेल तर बाकी काहीही करू नका. आधी हे निस्तरा. (प्लेस्टेशन व्हीआर २ वापरणाऱ्यांनी सेटिंगमधला लेन्सची जागा जुळवायचा पर्याय वापरावा, डोळे नेमके कुठे आहेत ते तो हेडसेट स्वतः ओळखून दाखवतो.)

मेनूच धूसर असेल तर

हेडसेट चेहऱ्यावर किंचित सैल धरून वर-खाली सरकवा. कुठल्या तरी उंचीवर अक्षरं एकदम खुलतात. तिथेच धरून ठेवा आणि मग मागचा पट्टा आवळा. पट्ट्याचा मागचा भाग डोक्याच्या मध्यावर ठेवायचा नसतो. कवटीच्या खालच्या बाजूला जो उंचवटा असतो त्याच्या खाली तो अडकला पाहिजे. तसा बसला नाही की वीस मिनिटांत हेडसेट वजनाने खाली घसरतो. सुरुवातीला छान दिसतं आणि हळूहळू बिघडतं, या तक्रारीचं सर्वांत साधं कारण हेच.

मेटा कंपनीचे क्वेस्ट २, क्वेस्ट ३एस आणि प्लेस्टेशन व्हीआर २ यांच्यात फ्रेनेल लेन्स (गोल खाचा असलेल्या) आहेत. त्यांत स्वच्छ दिसण्याचा भाग मधोमध आणि लहान असतो, म्हणून चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. क्वेस्ट ३ आणि पिको ४ मध्ये पॅनकेक लेन्स आहेत. त्यांत हा भाग जवळजवळ कडेपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे चूक खपून जाते, पण पूर्ण माफ होत नाही.

त्यानंतर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. आरशासमोर सुमारे २० सेंटिमीटरवर उभे राहा आणि मोजपट्टी भुवयांना टेकवा. उजवा डोळा मिटून डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य जुळवा; मग डोकं आणि पट्टी न हलवता डावा डोळा मिटून उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. मोठ्या माणसांमध्ये हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत: ६१ पर्यंत पहिली, ६१ ते ६६ दुसरी, त्यापुढे तिसरी. लेन्स हाताने धरून ढकलायच्या असतात, आणि दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवल्या की पट्टा आवळताना त्या सरकतात. क्वेस्ट ३ ला खाली चाक आहे, ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत. अंतर चुकलं की चित्र दोन्ही डोळ्यांना थोडं थोडं मऊ दिसतं आणि अर्ध्या तासात कपाळ जड होतं.

चष्म्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर आहे, मग लांबचा चष्मा कशाला, असं वाटतं. लेन्समुळे मात्र ते चित्र डोळ्याला एक-दोन मीटर अंतरावर असल्यासारखं भासतं, आणि दृश्यातली टेकडी असो की हातातली वस्तू, डोळ्याची भिंगं त्याच एका अंतरावर स्थिर करावी लागतात. त्यामुळे लांबचं दिसण्यासाठी उणे एकपेक्षा जास्त नंबर असेल तर हेडसेटमध्येही चष्मा लागतोच. फक्त वाचनाचा चष्मा असणाऱ्यांना बहुधा काहीच लागत नाही. चष्मा घालून वापरताना त्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासू देऊ नका. प्लास्टिकच्या लेन्सवर पडलेला ओरखडा कायमचा असतो. रोज वापर असेल तर नंबरप्रमाणे बनवलेल्या आतल्या लेन्स लावणं सर्वांत उत्तम. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याची गादी पुढे-मागे करण्यासाठी चार टप्पे आहेत, ते वापरा. मात्र जितकं मागे याल तितकं दृश्य अरुंद होतं.

पापण्यांचं तेल फ्रेनेल लेन्सच्या खाचांत बसतं आणि उजळ अक्षरांभोवती दुधट झाक येते. कोरडं, स्वच्छ मायक्रोफायबर कापड घेऊन मध्यापासून बाहेर गोल गोल पुसा. पाणी, स्पिरिट, चष्म्याचा स्प्रे यांतलं काही नको. लेन्सवरचा लेप उतरू शकतो. घातल्यावर लगेच वाफ धरत असेल तर हेडसेट थंड आहे. पाच-दहा मिनिटं चालू करून बाजूला ठेवा, लेन्स कोमट झाल्या की वाफ धरत नाही. आणि हेडसेट उन्हात उघडा ठेवू नका. लेन्स ऊन पॅनलवर एकवटते आणि काही क्षणांत तिथे कायमचा डाग पडतो. मेनू कुठेही फिरवला तरी एखादा पिवळट ठिपका त्याच जागी दिसत असेल तर तो हाच, आणि तो कोणत्याही सेटिंगने जात नाही.

मेनू स्वच्छ, तरी गेम धूसर: लक्षण ओळखा

धूसरपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं. स्थिर उभे राहून बघा, मग डोकं हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत एकाच वस्तूवर नजर ठेवा.

स्थिर असताना चित्र चांगलं आणि डोकं फिरवताना प्रत्येक कड दुहेरी दिसत असेल तर दोष रिझोल्यूशनचा नाही, फ्रेमदराचा आहे. पॅनल ९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० वेळा) चालतंय पण गेम ४५ फ्रेमच देतोय, म्हणून प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि सरकणाऱ्या डोळ्याला तिच्या दोन प्रती दिसतात.

हातांच्या, बंदुकीच्या किंवा स्टिअरिंगच्या कडेची हवा उकळल्यासारखी हलत असेल तर मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः रचतंय. स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) याला मोशन स्मूदिंग म्हणतात, मेटाच्या लिंकमध्ये (क्वेस्ट पीसीला जोडणारं ॲप) एएसडब्ल्यू, व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये (तेच काम वायफायवरून करणारं ॲप) एसएसडब्ल्यू.

गवत, पानं, धूर, अंधारे कोपरे इथे चौकोनी ठोकळे आणि पट्टे दिसत असतील, आणि साध्या भिंतीवर नसतील, तर ते कॉम्प्रेशन. तारा आणि जाळ्या सतत लुकलुकत असतील तर फ्रेम कमी पिक्सेलमध्ये तयार होतेय किंवा अँटिअलायझिंग (कडांचे दातरे गुळगुळीत करणारी सोय) बंद आहे. मध्यभाग चांगला आणि कडेचे पिक्सेल मोठे ठोकळ्यांसारखे दिसत असतील तर फोव्हिएटेड रेंडरिंग. भार वाचवण्यासाठी कडेचा भाग मुद्दाम कमी बारकाईने काढला जातो.

पीसीवरचा गेम: आधी फ्रेमदर, मग पिक्सेल

एका फ्रेमला वेळ किती मिळतो ते पक्कं लक्षात ठेवा: ७२ हर्ट्झला १३.९ मिलिसेकंद, ९० ला ११.१, १२० ला ८.३. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये फ्रेम टायमिंगचा आलेख चालू करा. ग्राफिक्स कार्डाची रेषा या मर्यादेच्या खाली, निदान एक-दीड मिलिसेकंद राखून चालली पाहिजे. नुसती सरासरी फ्रेमसंख्या बघू नका. गर्दीच्या, झाडीच्या ठिकाणी उभं राहून बघा.

मर्यादा ओलांडली जात असेल तर पहिली कात्री सावल्या, धुकं-प्रकाशाचे झोत आणि आरशासारखी प्रतिबिंबं यांना लावा. हेडसेटमध्ये त्यांचा फायदा कमी आणि खर्च भरमसाट असतो. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) कमी करू नका, कार्डाच्या मेमरीत मावत असतील तोवर त्यांचा फ्रेमदरावर फारसा परिणाम होत नाही. तरीही जमत नसेल तर ९० ऐवजी ७२ किंवा ८० हर्ट्झ निवडा. पूर्ण ७२ फ्रेम मिळणारा गेम ४५ वर अडखळणाऱ्या गेमपेक्षा नेहमीच स्वच्छ दिसतो.

फ्रेमदर बसला की मग रिझोल्यूशन वाढवा. इथे दोन गोष्टी बहुतेकांना गोंधळात टाकतात. पहिली, लेन्सची वक्रता भरून काढण्यासाठी चित्र आधी उलट दिशेने वाकवावं लागतं, आणि त्यात मध्यभाग ताणला जातो. म्हणून मध्यभागी पॅनलच्या एका पिक्सेलला एक पिक्सेल मिळायचा तर फ्रेम पॅनलपेक्षा प्रत्येक दिशेने सव्वा ते दीडपट मोठी काढावी लागते. स्टीमव्हीआरमध्ये १०० टक्क्यांसमोर पॅनलपेक्षा मोठा आकडा दिसतो तो यामुळे. ती चूक नाही. दुसरी, हा टक्का एकूण पिक्सेलचा आहे. १५० टक्के केलं म्हणजे प्रत्येक दिशेने सुमारे २२ टक्केच वाढ होते, पण कार्डावरचा भार दीडपट होतो.

आणि जागा दोन आहेत: सर्व गेमसाठीचं रिझोल्यूशन आणि त्या एका गेमचं. दोन्ही टक्के एकमेकांना गुणले जातात. एखाद्या गेमसाठी कधीतरी ६० टक्के केलेलं विसरलात तर वरचा स्लायडर कितीही ओढा, तो गेम मळकटच राहणार. क्वेस्ट जोडला असेल तर तिसरी जागा मेटाच्या लिंक ॲपमध्ये असते, हेडसेटच्या ग्राफिक्स पर्यायांत. गोंधळ टाळायचा तर एकच जागा वापरा. लिंक ॲपमध्ये रिझोल्यूशन ठरवा आणि स्टीमव्हीआरच्या दोन्ही जागा १०० टक्क्यांवर ठेवा. स्टीमव्हीआरमध्ये 'ऑटो' काढून 'कस्टम' निवडा, नाहीतर सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने आकडा खालीवर करत राहतं.

अँटिअलायझिंगमध्ये गेम एमएसएए देत असेल तर चारपट एमएसएए घ्या. व्हीआरमध्ये सर्वांत स्वच्छ कडा तीच देते. टीएए मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करतं, आणि हेडसेटमध्ये डोकं कधीच पूर्ण स्थिर नसल्यामुळे सगळं चित्रच मऊ पडतं. टीएएशिवाय पर्याय नसेल तर रिझोल्यूशन वाढवून थोडं शार्पनिंग जोडा. डीएलएसएस (लहान फ्रेम एआयने मोठी करणारं एनव्हिडियाचं तंत्र) वापरायचं असेल तर 'क्वालिटी' किंवा, कार्ड झेपवत असेल तर, डीएलएए (तेच तंत्र, पण फ्रेम लहान न करता). 'परफॉर्मन्स' मोड मॉनिटरवर खपतो, डोळ्यापुढे लेन्स असताना नाही. हाफ-लाइफ: ॲलिक्ससारखे काही गेम कार्डावरचा भार बघून आपलं रिझोल्यूशन चालता चालता बदलतात, तिथे चित्र मधूनच मऊ होत असेल तर स्लायडर चढवण्याऐवजी गेममधली गुणवत्ता एक पायरी खाली आणा.

केबल किंवा वायफायवरून येणारं चित्र

इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि का ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. क्वेस्ट ३ च्या प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल. दोन डोळे, सेकंदाला ७२ फ्रेम, पिक्सेलला २४ बिट धरले तर कॉम्प्रेशनशिवायचा प्रवाह होतो सुमारे १५.७ गिगाबिट प्रतिसेकंद. वायफायवरून आपण पाठवतो २०० मेगाबिट. म्हणजे जवळजवळ ७९ पट दाबून. व्हॉल्व्ह इंडेक्स किंवा अडॅप्टर लावून पीसीला जोडलेला प्लेस्टेशन व्हीआर २ यांचं चित्र डिस्प्लेपोर्टवरून येतं, त्यांना हा प्रश्न नाही. क्वेस्टची लिंक केबल मात्र दिसायला केबल असली तरी तिच्यातून कॉम्प्रेस केलेला व्हिडिओच जातो, हे विसरू नका.

केबलने जोडत असाल तर लिंक ॲपमध्ये यूएसबीची चाचणी घ्या. दोन गिगाबिटच्या आसपास किंवा वर आकडा आला तर यूएसबी ३ नीट चालू आहे. तीनशे-चारशे मेगाबिटच दिसले तर जोडणी यूएसबी २ वर उतरली आहे: केबल चार्जिंगची असेल, पोर्ट समोरचं असेल किंवा मध्ये हब असेल. मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टात थेट लावून पुन्हा तपासा. केबलचं टोक किंचित सैल झालं तरी जोडणी गुपचूप यूएसबी २ वर येते, म्हणून हा दोष परत परत उद्भवतो.

बिटरेट (सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, मेगाबिटमध्ये) वाढवायला ऑक्युलस डीबग टूल लागतं; ऑक्युलस हे मेटाच्या व्हीआरचं जुनं नाव. ते पीसीवर ऑक्युलसच्या फोल्डरात, सपोर्टच्या आत डायग्नॉस्टिक्समध्ये आधीच बसवलेलं असतं. त्यात 'एन्कोड डायनॅमिक बिटरेट' बंद करा आणि 'एन्कोड बिटरेट' केबलवर ३५० ते ५०० ठेवा. 'एन्कोड रिझोल्यूशन विड्थ' शून्य असेल तर सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. क्वेस्ट २ ला तिथे ३६६४, म्हणजे १८३२ ची दुप्पट, घातलं की पॅनलची पूर्ण रुंदी मिळते. शेवटी ऑक्युलसची सेवा त्याच टूलमधून पुन्हा सुरू करा. आवाज तुटू लागला किंवा हालचालीत ओढ जाणवली तर बिटरेट ५० ने खाली आणा. हेडसेटची चिप तेवढा प्रवाह वेळेत उलगडू शकत नाही असा त्याचा अर्थ.

वायफायवर तीन अटी आहेत आणि तिन्ही पाळाव्याच लागतात. पीसी राउटरला नेटवर्क केबलने जोडलेला हवा, वायफायने नाही. हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, आणि क्वेस्ट ३ असेल तर जमल्यास ६ गिगाहर्ट्झवर. आणि राउटर त्याच खोलीत, समोर दिसेल असा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला राउटरने एकच नाव दिलं असेल तर हेडसेट अधूनमधून २.४ वर उतरतो आणि चित्राचा चुरा होतो. दोन्हींना वेगळी नावं द्या आणि हेडसेटमधून २.४ चं नाव विसरायला लावा. चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ, चॅनल ३६ ते ४८ मधला. त्यापुढचे बरेच चॅनल रडारसाठी राखीव असतात. राउटरला रडारचा संशय आला की तो चॅनल सोडतो आणि काही क्षण चित्र गोठतं. वायफाय ६ वर ८० मेगाहर्ट्झला जोडणीचा वेग १२०० मेगाबिट दिसायला हवा, वायफाय ५ वर ८६६.

व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरत असाल तर बिटरेट आपोआप बदलण्याचा पर्याय बंद करून हाताने ठेवा. कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) निवडताना क्वेस्ट ३ आणि एव्ही१ एन्कोड करू शकणारं कार्ड (एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिका, एएमडीची आरएक्स ७००० किंवा त्यानंतरची) असेल तर १० बिट एव्ही१, २०० मेगाबिट. क्वेस्ट २ एव्ही१ उलगडू शकत नाही, त्याला १० बिट एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५). १० बिटचा फायदा आकाशात आणि अंधाऱ्या भिंतींवर ताबडतोब दिसतो, रंगांचे पट्टे जातात. वायफाय दणकट असेल आणि गवत-झाडीचा गेम असेल तर एच.२६४+ ला ४०० मेगाबिट देऊन बघण्यासारखं आहे. कामगिरीची पट्टी चालू केली की गेम, एन्कोडिंग, नेटवर्क आणि डिकोडिंग यांचे मिलिसेकंद वेगवेगळे दिसतात. ज्याचा आकडा उड्या मारतो तोच दोषी. नेटवर्कचा आकडा स्थिर असेल तर नवा राउटर आणून काही साधणार नाही.

हेडसेटवरच चालणारे गेम

क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ वर गेमची मूळ फ्रेम पॅनलएवढी नसते. क्वेस्ट ३ ला ती प्रत्येक डोळ्यासाठी १६८० × १७६० धरलेली आहे, म्हणजे पॅनलच्या पिक्सेलपैकी ६५ टक्क्यांच्या आसपास. पुढे किती वाढवायची ते गेम बनवणारे ठरवतात. म्हणून मेनू स्वच्छ आणि गेम मऊ असा फरक दिसतो, आणि हेडसेटमध्ये बिघाड नसतो. क्वेस्ट गेम्स ऑप्टिमायझरसारख्या ॲपने ही फ्रेम मोठी करता येते आणि फोव्हिएटेड रेंडरिंग कमी करता येतं. पण बॅटरी लवकर उतरते, चिप तापते, आणि तापली की वेग आपोआप कमी होऊन फ्रेम गळतात. आधी एक पायरीच वाढवा आणि वीस मिनिटं खेळून बघा. पहिल्या दोन मिनिटांवरून निकाल देऊ नका.

व्हिडिओ: इथे गणित करा

'फोर-के व्हिडिओ आहे, तरी असा का दिसतो?' या प्रश्नाचं उत्तर एका भागाकारात आहे. ३६० अंशांच्या फोर-के व्हिडिओची ३८४० पिक्सेलची रुंदी तुमच्याभोवती पूर्ण गोल पसरलेली असते. ३८४० भागिले ३६०, म्हणजे अंशाला १०.७ पिक्सेल. क्वेस्ट ३ अंशाला सुमारे २५ दाखवू शकतो, क्वेस्ट २ सुमारे २०. म्हणजे क्वेस्ट ३ ची निम्मी क्षमताही वापरली जात नाही, क्वेस्ट २ ची जेमतेम निम्मी. ५.७के ला हा आकडा १६ होतो, ८के ला २१.३. निरोगी डोळा अंशाला साठपर्यंत ओळखतो, तो भाग वेगळाच.

त्रिमितीय ३६० व्हिडिओत दोन डोळ्यांची चित्रं एकाच फ्रेममध्ये वर-खाली रचलेली असतात. ३८४० × २१६० च्या फाइलमध्ये प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला उभ्या दिशेने १०८० पिक्सेल, १८० अंशांवर पसरलेले, म्हणजे अंशाला सहा. अशा फाइलला कोणतंही सेटिंग वाचवू शकत नाही. त्रिमिती बघायची तर १८० अंशांचा ८के व्हिडिओ घ्या. प्रत्येक डोळ्याला ३८४० पिक्सेल १८० अंशांत, म्हणजे अंशाला २१.३. आज हेडसेटच्या क्षमतेच्या जवळ जाणारा व्यवहार्य प्रकार हाच आहे.

यूट्यूबवर गुणवत्ता 'ऑटो' वर असते आणि नेट बरं असलं तरी ती पुष्कळदा खालीच राहते. चाकाच्या चिन्हातून २१६० किंवा असेल तर ४३२० निवडा. ३६० अंशांच्या व्हिडिओला आकड्यापुढे 'एस' लागलेला दिसतो. 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडून खरोखर कोणतं रिझोल्यूशन चालू आहे ते बघा. नुकत्याच चढवलेल्या व्हिडिओच्या मोठ्या आवृत्त्या तयार व्हायला वेळ लागतो, तेव्हा ४३२० दिसत नसेल तर काही तासांनी परत बघा.

स्वतःच्या फाइल हेडसेटमध्ये टाकत असाल तर ८के साठी एच.२६५ वापरा. एच.२६४ ला बहुतेक हार्डवेअर डिकोडर ४०९६ च्या पुढे साथ देत नाहीत आणि व्हिडिओ अडखळतो. डीओव्हीआर, स्कायबॉक्स असे प्लेअर फाइलच्या नावावरून प्रकार ओळखतात, म्हणून नावाच्या शेवटी १८० किंवा ३६० आणि शेजारी-शेजारीसाठी एलआर, वर-खालीसाठी टीबी ही अक्षरं रोमन लिपीत जोडा. चुकीचा प्रकार निवडला गेला की चित्र ताणलेलं किंवा दुहेरी दिसतं. डावा-उजवा उलट झाला असेल तर ते चटकन कळत नाही: चित्र स्वच्छ असतं, पण जवळच्या वस्तू मागे गेल्यासारख्या वाटतात आणि डोळे दुखतात. प्लेअरमधून डोळ्यांची अदलाबदल करून लगेच तपासा.

कॅमेरा सरकताना चित्र झटके देत असेल तर व्हिडिओचा फ्रेमदर आणि पॅनलचा दर जुळत नाहीत. २४ फ्रेमचा चित्रपट ७२ ला तीन पटीने आणि १२० ला पाच पटीने नेमका बसतो. ९० ला बसत नाही, काही फ्रेम तीनदा तर काही चारदा दाखवाव्या लागतात. ३० फ्रेमला ९० किंवा १२०, ६० फ्रेमला १२०. प्लेअरच्या सेटिंगमध्ये दर निवडता येत असेल तर हे जुळवून घ्या. २५ किंवा ५० फ्रेमच्या व्हिडिओला यांतला एकही दर नेमका बसत नाही, तिथे १२० ला झटका सर्वांत कमी जाणवतो.

मोठ्या आभासी पडद्यावर सपाट चित्रपट बघतानाही तोच भागाकार. ६० अंश रुंदीचा पडदा क्वेस्ट ३ वर सुमारे १५०० पिक्सेलचा होतो, म्हणजे १९२० पिक्सेलच्या चित्रपटाचाही पूर्ण तपशील त्यात मावत नाही. तो मावायला पडदा ७७ अंशांचा करावा लागतो. तेव्हा चित्रपट मऊ वाटला तर पडदा जवळ ओढा किंवा मोठा करा, फोर-के फाइल शोधत बसण्यापेक्षा फरक जास्त पडेल. प्लेस्टेशन व्हीआर २ च्या सिनेमॅटिक मोडचा पडदा तर मुळात १९२० × १०८० चाच आहे. वेबसाइटवरून बघताना चित्र ४८० किंवा ७२० वर अडकत असेल तर ती बहुधा कॉपी-संरक्षणाची मर्यादा असते. त्या सेवेचं हेडसेटसाठीचं स्वतःचं ॲप असेल तर ते वापरा.

सगळं जुळवलेलं असताना पुन्हा बिघडलं तर

क्रमाने या जागा बघा. हेडसेटचं किंवा पीसीचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं असेल तर रिफ्रेश दर आणि लिंकचं रिझोल्यूशन मूळ जागी गेलेलं असू शकतं. हेडसेट बंद करून चालू केला असेल तर ऑप्टिमायझरने बदललेले आकडे पुसले जातात, ते पुन्हा लावावे लागतात. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू झाला असेल तर उजेड, रिफ्रेश दर आणि कडेचा तपशील तिन्ही उतरतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा बसवल्यावर एन्कोडिंगचा वेळ वाढला आहे का, ते कामगिरीच्या पट्टीत बघा. वाढला असेल तर आधीची आवृत्ती परत बसवा. गादीचा फोम महिन्यांच्या वापराने दबतो, लेन्स डोळ्याच्या जवळ येते आणि जुना पट्टा जुन्याच खुणेवर आवळला तरी जागा बदललेली असते. गादी बदला. चालू स्थितीत सगळं ठीक असताना बिटरेट, कोडेक, रिझोल्यूशन, रिफ्रेश दर आणि बाहुल्यांचं अंतर हे पाच आकडे लिहून ठेवले असतील तर ही सगळी तपासणी पाच मिनिटांत होते.

काही गोष्टी मात्र पॅनल आणि लेन्सच्या स्वभावातल्या आहेत, त्यांच्यामागे लागून वेळ घालवू नका. एलसीडी पॅनलवर काळा रंग राखाडीच दिसणार. प्लेस्टेशन व्हीआर २ च्या ओलेड पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात पातळ मळकट पडद्यासारखी झाक दिसते. ती पॅनलच्या पिक्सेलमधल्या बारीक फरकांमुळे असते, पुसून जात नाही. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांमधून फ्रेनेल लेन्सवर किरण फुटणारच. आणि हातातली वस्तू नाकाजवळ आणली की ती दुहेरी किंवा मऊ दिसते, कारण दोन्ही डोळे जवळ वळतात पण त्यांची भिंगं त्या एक-दोन मीटरच्या ठरावीक अंतरावरच स्थिर राहतात. वस्तू हातभर लांब धरून बघा.